एकशे सतरा नंबरची नळी

तपासनीस बाई संस्थेत पोचल्या तेव्हा संचालकांनी फायली आधीच टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. इतक्या नीट, की बाईंच्या कपाळाला तिथेच आठी पडली. सव्वीस वर्षं सरकारच्या देखरेख विभागात काढली होती त्यांनी. रोगराईवर संशोधन चालतं तिथे जायचं, कागद वाचायचे, नमुने मोजायचे, आणि जे लिहिलंय ते खरोखर घडलंय का एवढं बघून अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. पसारा दिसला की त्यांना हायसं वाटे. काम करणाऱ्या माणसाकडे पसारा असतो.

"मॅडम, आमचा हा अभ्यास म्हणजे संस्थेची शान आहे," संचालक म्हणाले. "तुम्हाला फार वेळ लागणार नाही."

अभ्यास होता ठिपक्यांच्या तापाच्या लशीचा. चौदा वर्षांपूर्वी शहराच्या टोकाला, कारखान्याच्या वसाहतीत त्या तापाने हाहाकार माजवला होता. अंगावर जांभळे ठिपके उठायचे आणि चार दिवसांत माणूस हातचा जायचा. मग लस आली. वसाहतीतल्या दोनशे बारा जणांना एकेक डोस देऊन त्यांची नावं अभ्यासात घातली गेली. दर तीन महिन्यांनी रक्त घ्यायचं, एकोणीस प्रश्न विचारायचे, आणि लशीने रक्तात आलेली ताकद किती दिवस टिकते ते बघायचं. रक्त सांगत होतं की ताकद चौदा वर्षांनीही जशीच्या तशी आहे. त्या भरवशावर सरकारने दुसरा डोस द्यायचा नाही असं ठरवलं होतं. सगळ्या देशात.

पहिले दोन दिवस बाईंनी कागद चाळले. एक चूक सापडेना. तारखा बरोबर, सह्या बरोबर, फ्रीजरचं तापमान बरोबर. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गळतीच्या तक्त्यापाशी आल्या आणि थांबल्या. पहिल्या आठ वर्षांत एकशे अठ्ठेचाळीस माणसं अभ्यासातून गळली होती. कुणी गाव सोडलं, कुणी वारलं, कुणी सुईला कंटाळलं. उरले चौसष्ट. आणि पुढच्या सहा वर्षांत गळती शून्य.

त्यांनी संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"अगं, आपल्या बिल्डिंगच्या मीटिंगला सहा महिन्यांत निम्मी माणसं दांडी मारतात. आणि तुझे चौसष्टच्या चौसष्ट सहा वर्षं हात पुढे करून बसलेत? पुतळे आहेत का ते?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुपारी प्रश्नांचे कागद वाचले होते. अठरा प्रश्न नेहमीचे: झोप, भूक, खोकला, ठिपके. एकोणिसावा प्रश्न होता, 'आणखी काही सांगायचं आहे का?' बाकीच्या अभ्यासांत ही जागा नेहमी कोरी असते. इथे ती भरलेली होती. चाळीस नंबरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने सांगितलं होतं, 'दार वाजलं की आधी कुत्रं उठायचं. आता कुत्रं नाही, तरी उठायला होतं.' अठ्ठ्याऐंशी नंबरने सांगितलं होतं, 'भूक लागत नाही. लागायची सवय गेली नाही.' एकशे सतरा नंबर, शिवणकाम करणारी बाई, हिचं उत्तर सगळीकडे एकच: 'डावा खांदा गार पडतो. खिडकी लागत नाही.' तीन महिन्यांनी: 'खिडकी तशीच.' आणखी तीन महिन्यांनी: 'खिडकी तशीच.' असं चोवीस वेळा.

अक्षर सगळं एकाच माणसाचं. त्याला संस्थेत सगळे सुईमामा म्हणत. वसाहतीत जाऊन रक्त आणायचं काम पहिल्या दिवसापासून तोच करत होता. साठीला टेकलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. बाईंनी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या मनात आलं, हा आजारी आहे. त्याचे ओठ आणि त्याचे गाल एकाच रंगाचे होते, धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे.

"मामा, मला तुमच्याबरोबर वसाहतीत यायचंय," चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, हा आता सबबी सांगेल.

"चला की," मामा म्हणाला. "आज शेवटच्या ओळीची पाळी आहे. दहा घरं. टोपी घ्या, ऊन आहे."

कारखाना सहा वर्षांपूर्वी बंद पडला होता, हे बाईंना फाटकापाशी कळलं. फायलीत कुठेही त्याचा उल्लेख नव्हता. फाटकाला कुलूप नव्हतं, कारण फाटकाचा एक पल्लाच नव्हता. आत बैठ्या घरांच्या ओळी होत्या. छपरं खचलेली, नळ उपटून नेलेले, दारांच्या चौकटी बऱ्याच ठिकाणी गायब. अकरा वाजताचं लख्ख ऊन होतं. कुठे पाखरूही नव्हतं. बाईंच्या चपलांखाली काचा कर्र करत होत्या आणि तो आवाज ओळीच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होता.

मामा पहिल्या घरापाशी थांबला. दार होतं तिथे उरलेल्या चौकटीवर त्याने टकटक केलं. दोनदा. मग एक पाऊल मागे सरून, आतल्या माणसाला उठून यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ उभा राहिला. मग "येऊ का?" म्हणून आत गेला.

आत कुणी नव्हतं. फरशीच्या सांध्यांतून गवत वर आलं होतं. मामा भिंतीशी उकिडवा बसला, पिशवीतून कागद काढला आणि हलक्या आवाजात विचारू लागला. झोप कशी लागते? एक प्रश्न विचारायचा, थांबायचं, मान हलवायची, लिहायचं. मधेच एकदा तो हसला आणि म्हणाला, "नाही हो, तसं कुठे!" आणि पुन्हा लिहू लागला.

"मामा," त्या म्हणाल्या, "इथे कुणी नाहीये."

"हळू बोला, बाई," मामा शांतपणे म्हणाला. "यांना मोठा आवाज सहन होत नाही."

मग त्याने शर्टाची बाही वर केली. हाताची आतली बाजू बघून बाईंनी मान फिरवली. कोपराच्या खोबणीपासून मनगटापर्यंत टोचल्याच्या खुणा, जुन्यावर नव्या, हिरव्या-काळ्या. त्याने रबरी पट्टा दातात धरून दंडाला आवळला, स्वतःच्या शिरेत सुई घातली, नळी भरली, आणि तिच्यावर घरातल्या माणसाचा नंबर लिहिला.

नियमाप्रमाणे बाईंनी तिथेच त्याला थांबवायला हवं होतं. त्या थांबवू शकल्या नाहीत. का, ते त्यांना पुढेही कधी धड सांगता आलं नाही. त्या त्याच्या मागोमाग घरोघर फिरत राहिल्या. नवव्या घरापर्यंत त्यांच्याही नकळत त्या उंबऱ्यावर थांबून वाट बघू लागल्या होत्या, आतून कुणी 'या' म्हणेल म्हणून.

दहावं घर एकशे सतराचं. इथे दार शाबूत होतं. आत शिवणयंत्राचं लोखंडी पायडल गंजून पडलेलं होतं, यंत्र नव्हतं. डाव्या हाताला खिडकी, तिची झडप फुगून अर्ध्यावर अडकलेली. बाहेर वारा नव्हता. पण बाई आत शिरल्या आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर गार झुळूक आली. एकदाच आली आणि तिथेच राहिली, कुणी तळहात ठेवावा तशी.

मामाने प्रश्न विचारले. इथे त्याचा आवाज जास्तच खाली गेला. एकोणिसाव्या प्रश्नाला तो नेहमीपेक्षा बराच वेळ थांबला. मान वर करून त्याने कोपऱ्याकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं, आणि लिहिलं. बाईंनी वाकून वाचलं: 'आता पुरे म्हणते.'

"असं कधी म्हणाली नव्हती," मामा म्हणाला. रक्त काढताना सुई दोनदा चुकली.

ती नळी बाईंनी त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. स्वतः झाकण घट्ट केलं, स्वतः विभागाची सीलची पट्टी लावली, तिच्यावर स्वतःची सही आणि वेळ घातली, आणि बर्फाच्या डब्यात ठेवली. बारा वाजून चाळीस मिनिटं.

परत येताना फाटकाजवळच्या दगडावर मामा बसला. बाईंनी त्याला पाणी दिलं.

"किती दिवस चाललंय हे?"

"सहा वर्षं. कारखाना मिटला तशी वसाहत रिकामी झाली. कुणी गेलं, कुणी मेलं. मी संचालकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मामा, पंधरा वर्षं पुरी होईपर्यंत गळती नको." त्याने पाण्याचा घोट घेतला. "पहिल्यांदा मी नुसतं बसायचो रिकाम्या घरात. मग वाटलं, आलोच आहे तर विचारावं. विचारलं की ऐकू यायला लागलं."

"आणि एकशे सतरा?"

"ती माझी बायको," मामा म्हणाला. "वसाहत रिकामी झाली त्याच वर्षी गेली."

बाईंनी आणखी एकच प्रश्न विचारला, आणि तो विचारतानाच त्यांना उत्तर कळलं होतं. संस्थेतल्या कर्मचाऱ्यांना लस किती वेळा देतात? मामा म्हणाला, दर तीन वर्षांनी. म्हणजे देशभर ज्या रक्ताच्या जोरावर एक डोस जन्मभर पुरतो असं सांगितलं जात होतं, ते पाच डोस घेतलेल्या एकाच माणसाचं रक्त होतं. त्यांच्या लेकीला एकच डोस मिळाला होता. तिच्या शाळेतल्या सगळ्या मुलांनाही.

शेवटच्या फेरीतल्या चौसष्ट नळ्या बाईंनी विभागाच्या प्रयोगशाळेत नेल्या. तिथली तंत्रज्ञ, जिला सगळे चष्मेवाली म्हणत, तिला त्यांनी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या: रक्त कुणाचं आहे, आणि त्यात लशीची ताकद किती. एकशे सतराचं सील बाईंच्या समोर तोडलं गेलं. पट्टी अखंड होती, सही त्यांचीच होती.

तीन दिवसांनी दुपारी चष्मेवालीने त्यांना बोलावून घेतलं आणि आधी दार लावलं.

"त्रेसष्ट नळ्या एकाच पुरुषाच्या आहेत. तुमचे मामा. ताकद भरपूर."

"आणि चौसष्टावी?"

"एकशे सतरा. ती त्यांची नाही." चष्मेवालीने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "बाईचं रक्त आहे. मी चौदा वर्षांपूर्वीच्या पहिल्या नमुन्याशी ताडून बघितलं. तीच बाई आहे. चार वेळा केलं मी. तीच येते."

"जुनी नळी असेल. अदलाबदल झाली असेल."

"तिच्या जुन्या दोनच जपून ठेवल्या होत्या, दोन्ही पहिल्या वर्षाच्या. दोन्ही जागेवर आहेत, मी मोजल्या. आणि जुन्या रक्तात ताकद होती, नुकती लस घेतलेली ना. या नळीत शून्य आहे. काहीच नाही. वर त्या तापाचे जंतू येऊन गेल्याची खूण आहे." तिने नळी उचलून उजेडात धरली. "मॅडम, ही नळी तुम्ही भरताना बघितली होती ना?"

बाईंनी बघितली होती. मामाच्या हातात सुई गेलेली, दोनदा चुकलेली, तिसऱ्यांदा लागलेली. नळीत रक्त चढताना बघितलं होतं. ते किती गडद होतं तेही त्यांना आठवत होतं.

"तुम्ही बसा आधी," चष्मेवाली म्हणाली आणि खुर्ची पुढे सरकवली.

संचालकांनी हात वर केले. "मी मामाला एकदाही खोटं लिहायला सांगितलं नाही, मॅडम. मी फक्त म्हणालो, गळती नको." ते खरंच बोलत होते, हेच बाईंना सगळ्यात वाईट वाटलं. या माणसाने सहा वर्षांत एकदाही खिडकीतून डोकावून वसाहतीकडे बघितलं नव्हतं, आणि न बघणं हा काही कुठल्या नियमाने गुन्हा होत नव्हता. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पण तुमच्या प्रयोगशाळेचा निकालही मी ऐकलाय. मेलेल्या बाईचं ताजं रक्त! हे अहवालात घाला तुम्ही, जरूर घाला. मग बघू समिती कुणाला खुळ्यात काढते."

बाईंच्या लक्षात आलं, की संचालक बरोबर बोलतायत. एका ओळीपायी सगळा अहवाल हसण्यावारी जाईल. पुन्हा चौकशी, पुन्हा तपासणी, दोन वर्षं सहज. आणि तोवर ताप कुठल्यातरी वस्तीत पुन्हा निघेल, आणि तिथल्या लोकांना वाटत असेल की आपण सुरक्षित आहोत.

सबंध रविवार त्यांनी कागद पुढ्यात घेऊन काढला. नवऱ्याने दोनदा चहा आणून ठेवला, दोनदा गार झालेला परत नेला. तिसऱ्यांदा तो समोर बसला.

"काय अडलंय?"

"एका नळीबद्दल खोटं लिहायचंय," बाई म्हणाल्या. "मला जमत नाहीये."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर बाकीच्या त्रेसष्ट नळ्यांचं खरं कुणी वाचणार नाही."

नवऱ्याने पेनाचं टोपण काढून दिलं. बाईंनी लिहिलं, 'चौसष्टपैकी त्रेसष्ट नमुने एकाच व्यक्तीचे आढळले. एक नमुना तपासणीदरम्यान निकामी झाला.' नोकरीतलं त्यांचं ते पहिलं खोटं वाक्य. सही करताना डावा खांदा गार पडला. घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. त्यांनी मान वळवून बघितलं नाही.

समितीने अहवाल एका बैठकीत मान्य केला. अभ्यास रद्द झाला, संचालकांना घरी बसवलं गेलं, आणि सहा आठवड्यांत दुसऱ्या डोसची मोहीम निघाली. तशी ती वेळेवरच निघाली म्हणायची, कारण त्याच महिन्यात दोन शहरांत ठिपके दिसले. पण ताप पसरला नाही. वर्तमानपत्रांत बाईंचं नाव आलं नाही, आणि त्यांना ते बरंच वाटलं. मामावर खटला भरू नये अशी शिफारस त्यांनी स्वतः केली होती. त्याला नोकरीतून काढलं आणि तो मुलीकडे राहायला गेला.

बाई त्याला भेटायला गेल्या त्या एका दुपारी. मुलीने दार उघडलं. मामा ओट्यापाशी उभा राहून भाजी चिरत होता. गालांवर रंग परत आला होता. तीन महिने रक्त अंगातच राहिलं होतं ना.

मुलगी पाणी ठेवून बाहेर गेली, तसं बाईंनी सगळे निकाल सांगितले. एकशे सतराचाही. कुठल्याच कागदावर नसलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली. मामा ऐकत राहिला. सुरी खाली ठेवली त्याने.

"शून्य?" त्याने विचारलं.

"शून्य. आणि तापाची खूण."

"मला माहीत होतं," मामा म्हणाला. "तिला ठिपके उठले तेव्हा मीच बघितले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अभ्यास तिथेच संपला असता, नाही का?"

बाईंनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"त्याच्याही आधीची गोष्ट आहे, बाई. आम्हा कर्मचाऱ्यांना डोस मिळायचा तेव्हा घरच्यांनाही मिळायचा. दर तीन वर्षांनी. मी म्हटलं, चल, घेऊन टाक. संस्थेतले म्हणाले, ती अभ्यासात आहे, अभ्यासातल्या माणसाला दुसरा डोस चालत नाही, आकडे बिघडतात. मी घरी येऊन तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, बरं." त्याने ओला हात शर्टाला पुसला. "एवढंच म्हणाली. बरं. मशीन चालवत होती, मान पण वर केली नाही. पुढे मी सहा वर्षं तिच्यापुढे बसून विचारत राहिलो, काही सांगायचंय का, काही सांगायचंय का. ती खिडकीचं सांगायची."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग मामाने विचारलं, "तुमचा दुसरा डोस झाला?"

"नाही अजून. वेळच मिळाला नाही."

"कमाल आहे तुमची!" मामा एकदम जुन्या आवाजात म्हणाला, सुईमामाच्या. "कोपऱ्यावरच्या शाळेत केंद्र आहे. पाचपर्यंत उघडं असतं. चला, मी येतो बरोबर."

त्याने भाजीवर ताट झाकलं, चपला घातल्या, आणि दोघं रस्त्यावर आले. शाळेच्या फाटकाबाहेर रांग होती. पोरं कडेवर घेतलेल्या आया, काठी टेकलेले म्हातारे, कामावरून तसेच आलेले लोक. जो तो बाही वर करून तयार होता आणि पुढच्याला विचारत होता, फार दुखतं का हो? मामाने रांग नजरेने वरपासून खालपर्यंत बघितली आणि काहीतरी पुटपुटला. बाईंनी ते काय ते विचारलं नाही. दोघं मागे जाऊन उभे राहिले.